भारवाहकाचा धर्म

ओझे वाहणाऱ्याने ओझ्यात काय आहे हे विचारावे की न विचारावे, हा प्रश्न वरवर पाहता हमालाचा किंवा गाडीवानाचा वाटतो. आणि म्हणूनच की काय, आपल्या नीतिविषयक चर्चेत त्यास फारसे स्थान मिळालेले नाही. शस्त्र चालविणाऱ्याच्या पापपुण्याचा विचार आपल्याकडे कुरुक्षेत्रापासून चालत आला आहे. परंतु शस्त्र पोहोचविणाऱ्याचे काय, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. गेल्या हिवाळ्यात नांदेड येथे एका स्नेह्यांच्या घरी हा प्रश्न एका लहान मुलीने अगदी सहज विचारला. तेव्हापासून तो आमचा पिच्छा सोडीत नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या सायंकाळी वायुसेनेतून निवृत्त झालेले तीन-चार गृहस्थ तेथे जमले होते. एक लातूरचे, बाकीचे नांदेडचे; सर्वांची सेवा मालवाहू विमानांवर झालेली. लढाऊ विमानाच्या वैमानिकाभोवती जे तेज असते ते या मंडळींच्या वाट्यास येत नाही. त्यांच्या आठवणींत शत्रूचा पाठलाग नसतो. पोती, पिंपे, दोरखंड आणि हवामान यांचीच कथा असते. परंतु ती कथा ऐकताना आम्ही रंगून गेलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आंतोनोव्ह-३२ या विमानाची इंजिने पंखांच्या वर इतकी उंच का बसविली आहेत? कच्च्या धावपट्टीवरील खडे व धूळ त्यांस लागू नये म्हणून. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर. तेथील विरळ हवेत पंखांचा आधार कमी होतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते, वाराही उठतो. म्हणून तेथील कामे सकाळीच उरकावयाची. माल नीट बांधला नाही आणि वाटेत मागे सरकला, तर शेपूट जड होऊन विमानाचे नाक वर जाते, आणि मग ते सावरणे मोठमोठ्या वैमानिकांसही जमत नाही. पर्वतावरील ठाण्यांवर छत्रीवाचून धान्य टाकावयाचे तर पोत्यात पोते घालतात. आतले फुटले तरी बाहेरच्यात दाणे राहतात. असे कितीतरी.

हे ज्ञान स्वस्त नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले आंतोनोव्ह-१२ जातीचे विमान खराब हवेमुळे मागे वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. आत १०२ माणसे होती. पहिले अवशेष बर्फातून हाती येण्यास २००३ साल उजाडावे लागले. २०२४ सालीही आणखी चार मृतदेह मिळाले. अशी किंमत देऊन मिळालेले शहाणपण ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ते आपल्याबरोबर नेऊ नये, हे उघड आहे. दौलत बेग ओल्डी या सुमारे साडेसोळा हजार फुटांवरील पट्टीवर २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी पॅकेट विमान उतरविले. तीन वर्षांनी ती पट्टी वापरातून गेली, आणि पुन्हा तेथे विमान उतरले ते ३१ मे २००८ रोजी. मध्ये ४३ वर्षे लोटली. इतक्या काळात एक सबंध पिढी सेवेतून निघून जाते. तिने सांगून ठेवले नसेल ते पुढच्या पिढीस पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. तेव्हा या वृद्धांनी एकत्र जमून आठवणी काढणे हा केवळ वेळ घालविण्याचा प्रकार नव्हे. ते एक ऋण फेडणेच होय.

असे सर्व सुरळीत चालले असता यजमानांची नात मध्येच म्हणाली, “पण आजोबा, त्या पेट्यांत काय असायचं?” लातूरकर गृहस्थ हसले. “बाळ, आम्ही वजन विचारायचो. आतलं विचारायचं काम आमचं नव्हे.”

उत्तर खरे होते, आणि सैनिकाच्या दृष्टीने योग्यही होते. विमानावरील प्रत्येक माणूस प्रत्येक पेटीची चौकशी करू लागला तर कोणतेही सैन्य चालणार नाही. गणवेश अंगावर असेतो मनुष्य आपल्या विवेकाचा काही भाग राज्याकडे ठेव म्हणून ठेवतो; मालाचा हिशेब राज्याने द्यावयाचा, वजनाचा त्याने. ही वाटणी सर्वथा निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यावाचून भागत नाही, हे मान्य केले पाहिजे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गणवेश उतरल्यानंतर काय? तेव्हा ठेव परत मिळते. कौशल्य मनुष्याचे स्वतःचे होते. मग त्याबरोबर त्याची जबाबदारीही त्याच्याकडे परत येते की नाही?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९४८ साल पाहावे. त्या वर्षी २४ मे रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी, जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन, डाकोटा विमान प्रथमच लेहच्या वाळूत उतरविले. आतील हवेचा दाब राखण्याचीही सोय त्या विमानात नव्हती. त्यामुळे वेढ्याच्या सावटाखाली आलेल्या लेहला कुमक पोहोचविण्याची वाट मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात रशियाने बर्लिनची वाट अडविली, आणि इंग्रज व अमेरिकन विमाने त्या शहरास पीठ, कोळसा व तेल पुरवू लागली. त्यांतील तेल वाहणाऱ्या विमानांत लँकेस्ट्रियन जातीची विमाने होती. ही लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचीच मुलकी आवृत्ती. ज्या घराण्याच्या विमानांनी चार-पाच वर्षांपूर्वी बर्लिनवर आग ओतली, त्याच घराण्याची विमाने त्याच शहराच्या चुलीसाठी इंधन नेत होती. आणि ती चालविणारांत सैन्य सोडून खासगी नोकरीत आलेले वैमानिक होते.

त्याच वर्षी, त्याच लँकेस्ट्रियन जातीची विमाने, तसेच माजी सैनिकी विमानविद्येच्या बळावर, रात्रीच्या अंधारात आमच्या मराठवाड्याच्या अंगावरून जात होती. कराचीहून निघून ती निजामाच्या राज्यात बीदर व वरंगळ येथे उतरत, आणि त्यांत शस्त्रे असत. या उद्योगाचा प्रमुख सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ. पहिल्या महायुद्धातील वैमानिक. वैमानिकांना थंडीपासून वाचविणाऱ्या प्रसिद्ध पोशाखाचा जनक. आणि १९३९ साली जर्मनीची गुप्त हवाई छायाचित्रे घेऊन आपल्या राष्ट्राची मोठी सेवा करणारा. त्याच्या कौशल्याविषयी व धैर्याविषयी दुमत नाही. निजामाचे राज्य चोहोंकडून भारताने वेढलेले, नाकेबंदी झालेली, तेव्हा आकाशाखेरीज वाट नव्हती, आणि ती वाट अशाच माणसाला काढता येत होती. पुढे इंग्लंडात त्यास हवाई वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल २०० पौंड दंड झाला. त्याचे जीवनवृत्त १९६९ साली प्रसिद्ध झाले.

कॉटनच्या बाजूने असे म्हणता येईल की, बर्लिनची कोंडी फोडणारे वीर ठरतात, तर हैदराबादची कोंडी फोडणारा गुन्हेगार का? त्याच्या विमानांतून औषधेही येत, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर विमानाच्या जातीत, उड्डाणाच्या कुशलतेत किंवा कोंडीच्या अन्यायातही सापडत नाही. ते विमानाचे दार उघडूनच पाहावे लागते. बर्लिनला उतरलेला कोळसा ज्याच्या घरी गेला तो थंडीने कुडकुडणारा माणूस होता. बीदरला उतरलेल्या पेट्या ज्या राज्याच्या हाती पडल्या, त्या राज्यात लातुरास वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा पुढारी म्हणून मिरवत होता, आणि आमच्या खेड्यांतील माणसे घरदार टाकून सरहद्दीपलीकडील छावण्यांत जात होती. कॉटनला कोणाचा हुकूम नव्हता. तो निवृत्त होता, स्वतंत्र होता, आणि मोबदला घेत होता. वजनाबरोबर माल विचारण्याची मुभा त्याला होती. म्हणूनच ते त्याचे कर्तव्यही होते.

येथे वाचकांपैकी कोणी समाधानाने मान डोलावील, तर त्यास थोडे थांबविणे आम्हांस भाग आहे. दुसऱ्याच्या विमानाचे दार उघडणे सोपे असते. आपल्या घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या त्या वर्षाच्या आठवणीही एक प्रकारची खेपच आहेत, आणि तिचेही वजन तेवढे सांगितले जाते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता गेली, हे आपण दरवर्षी अभिमानाने स्मरतो, आणि स्मरावेच. परंतु त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्तीवर जे ओढवले, त्याची चौकशी भारत सरकारनेच धाडलेल्या सुंदरलाल समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे तिने सर्वांत अधिक पीडित म्हणून नोंदविले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. सर्व मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. रझाकारांचे अत्याचार सांगणारी पेटी आपण उघडतो, आणि ही दुसरी बंद ठेवतो. ‘आतलं विचारायचं काम आमचं नव्हे’ हे वाक्य मग त्या लातूरकर गृहस्थांचेच राहत नाही.

तात्पर्य, आम्हांस असे वाटते की आठवण सांगणे हाही कौशल्याचा, निवृत्तीनंतरचा, एक उपयोगच आहे. आणि म्हणून त्यास स्वतंत्र माणसाचाच नियम लागू पडतो. सेवेत असता ज्याने न विचारता वाहिले त्यास दोष नाही. परंतु तीच खेप तो नातवंडांपुढे पुन्हा उतरवू लागतो तेव्हा कोणाचा हुकूम त्याच्या आड येत नाही. राज्याच्या खऱ्या गुपिताची गोष्ट अर्थात वेगळी. इंजिन, वारा, तोल, सारे सांगावे. पण माल कोणता होता आणि दार कोणासाठी उघडले, हेही कळेल तितके सांगावे. कौशल्य तेवढेच ऐकत वाढलेल्या मुलास सर्व खेपा सारख्याच वाटतील, आणि लेह, बर्लिन व बीदर यांत त्यास काहीच अंतर दिसणार नाही.

त्या रात्री मंडळी उठली तेव्हा लातूरकर गृहस्थ दाराशी थांबले. मुलीस जवळ बोलावून म्हणाले, “जाताना रेशन असायचं, बाळ. रॉकेल असायचं, जवानांची पत्रं असायची. येताना कधी कधी आपलीच माणसं असायची. पेटीत.” आणि पायांत वहाणा सरकवून ते जिना उतरले. सबंध सायंकाळभर प्रत्येक वस्तूचे वजन किलोपर्यंत सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी या एका मालाचे वजन मात्र सांगितले नाही; आणि मुलीनेही ते विचारले नाही.