अवयवी नाद

इलेक्ट्रॉनिक संगीतात ज्याला वातावरणाचा ध्वनी म्हणतात, ज्याला ठेका नसतो, निश्चित आरंभ नसतो, जो कोणत्या वाद्यातून निघाला हे सांगता येत नाही, आणि तरीही ज्याच्या योगाने ऐकणाऱ्याला आपण एखाद्या विशाल गाभाऱ्यात किंवा घनदाट अरण्यात उभे आहोत असा प्रत्यय येतो, तो ध्वनी रचणाऱ्याचे काम मुख्यतः थर लावण्याचे असते. तळाशी खर्जाचा अखंड स्वर धरून राहिलेला एक थर, त्यावर एकमेकांपासून रेसभर सरकवलेल्या दोनतीन स्वरांचा पसरट थर, त्यामागे पावसाच्या किंवा रहदारीच्या ध्वनिमुद्रणातून फिल्टरने गाळून घेतलेली कुजबुज, आणि या सर्वांना एकाच जागेत आणून बसवणारा रिव्हर्ब, असे दहा, वीस, प्रसंगी पन्नास थर मिक्सरवर येऊन मिळतात. परंतु स्पीकरच्या पडद्याला हे पन्नास थर ठाऊक नसतात. कोणत्याही एका क्षणी तो एक तर पुढे असतो किंवा मागे, आणि त्याच्या वाट्याला येते ती सर्व थरांच्या बेरजेने बनलेली एकच वक्ररेषा. त्या एका रेषेतून कान पाऊस निराळा काढतो, खर्ज निराळा काढतो, आणि त्याच वेळी हे सर्व मिळून एकच वातावरण आहे असाही निर्वाळा देतो. मग या ठिकाणी खरे अस्तित्व कोणाचे मानायचे, थरांचे की त्यांच्या मिळणीचे?

हा प्रश्न यंत्रांनी उत्पन्न केलेला नाही; त्यांनी तो नव्या पुराव्यासह पुन्हा रुजू केला आहे, इतकेच. नैयायिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके जो वाद चालला त्यातील एक मुख्य तंटा हाच होता. तंतूंपासून पट विणला म्हणजे तंतूंखेरीज पट नावाचे एक नवे द्रव्य उत्पन्न होते, ते तंतूंमध्ये समवायाने राहते आणि तंतूंवाचून राहू शकत नाही, तथापि तंतूंचा ढीग म्हणजे ते नव्हे, असे नैयायिकांचे म्हणणे. या नव्या वस्तूला त्यांनी अवयवी असे नाव दिले. न्यायसूत्रांत त्याच्या सिद्धीसाठी एक साधी युक्ती दिली आहे, ती अशी की वस्तूचा एक भाग धरून ओढला असता संपूर्ण वस्तू ओढली जाते, आणि केवळ राशीच्या बाबतीत असे घडत नाही. पूर्वपक्षी यावर सेना आणि वन यांचे दाखले पुढे करतो: दुरून सैन्य एक दिसते, वन एक दिसते, पण जवळ जावे तर सैनिक आणि झाडे यांपलीकडे तेथे काहीही हाती लागत नाही. बौद्ध पक्षाचा हा केवळ बुद्धिविलास नव्हता. मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने रथाचे चाक, आस, जू असे एकेक अंग दाखवून यांपैकी रथ कोणता असे जेव्हा विचारले, तेव्हा त्याला रथाविषयी सांगायचे नव्हते, माणसाविषयी सांगायचे होते. समुदायाला वस्तू समजण्याची सवय ज्याची सुटली, त्याची 'मी' या समुदायावरील आसक्तीही सुटू लागते, हे त्यामागील प्रयोजन होते. म्हणून थर आणि मिळणी यांचा प्रश्न अखेरीस मोक्षाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहावे. सिंथेसायझरवर एक स्वर सेकंदाला ५५ कंपनांचा लावावा आणि दुसरा ५५.२ कंपनांचा. एकेकटा ऐकला तर यांतील प्रत्येक स्वर सपाट आहे. त्यात चढ नाही, उतार नाही, काळाची कोणतीही खूण नाही. दोघांचे फेडर एकत्र वर चढवले की मात्र त्या नादाला एक मंद हेलकावा येतो. दर पाच सेकंदांनी तो एकदा भरतो आणि एकदा ओसरतो. दोहोंपैकी कोणताही एक फेडर खाली आणावा, हेलकावा तत्क्षणी नाहीसा होतो. तो पहिल्या स्वराच्या मालकीचा नव्हता आणि दुसऱ्याच्याही नव्हता. येथे तंबोऱ्याची आठवण होणे साहजिक आहे, पण त्यातील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. तंबोरा उत्तम जुळला आणि जवारी नीट लागली म्हणजे, एकही तार गांधारात मिळवलेली नसताना, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार कानी येतो. तो त्या तारेच्या उपस्वरांत आधीपासूनच असतो आणि अनुकूल स्थितीत प्रकट होतो, म्हणून कार्य कारणात आधीपासूनच असते असे मानणाऱ्या सत्कार्यवाद्याला तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करता येईल. दोन स्वरांचा हेलकावा आधी कोठेही नव्हता. त्याची अभिव्यक्ती होत नाही, उत्पत्ती होते.

या हेलकाव्यावर आपल्या आयुष्यातील उत्तम काम ज्यांनी उभे केले त्या फ्रेंच संगीतकार एलियान रादिग्य यांचा विचार या प्रश्नात टाळता येत नाही. त्यांचा जन्म पॅरिसचा, १९३२ मधला; पिएर शेफर आणि पिएर आंरी या टेपसंगीताच्या प्रवर्तकांजवळ त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे अमेरिकेत आर्प २५०० हा सिंथेसायझर पसंत करून, त्याची बोटांनी वाजवायची पट्टी मुद्दाम तेथेच ठेवून, बाकीचे यंत्र त्यांनी पॅरिसला आणले. पट्टीवर बोट ठेवले की स्वर सुरू होतो आणि उचलले की संपतो. त्यांना तर असा नाद हवा होता की जो केव्हा बदलला हे ऐकणाऱ्याला कळू नये, पण बदलून गेला आहे हे मात्र कळावे. तासन्‌तास यंत्राच्या खुंट्या केसाएवढ्या फिरवून एकेक लांब पट्टा टेपवर घ्यायचा, आणि मग अनेक टेपयंत्रे एकाच वेळी चालवून, घड्याळ समोर ठेवून, एका थरातून दुसऱ्या थरात सरकत अंतिम मिश्रण सलग करायचे, त्यात कोठे चूक झाली तर पुन्हा प्रारंभापासून, अशी त्यांची रीत होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्या तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या आणि काही वर्षे त्यांनी रचना करणेच थांबवले. नंतर परत आल्या त्या तिबेटी योगी मिलारेपाची चरित्रकथा आणि मृत्यू व पुनर्जन्म यांमधील अवस्थांचे बौद्ध विवेचन हे विषय घेऊन. 'मृत्यूची त्रयी' या नावाची त्यांची तीन तासांच्या आसपासची रचना १९८८ ते १९९३ या काळात पूर्ण झाली. तिचा पहिला भाग त्या मधल्या अवस्थांवर आहे आणि दुसरा कैलास पर्वताच्या मानसप्रदक्षिणेवर. त्याच काळात त्यांचा मुलगा अपघातात गेला, आणि ते दुःखही त्या रचनेत सामावले आहे.

अवयवी मिथ्या आहे असे मानणाऱ्या परंपरेत ज्यांनी आपले मन घडवले, त्यांच्याच हातून अवयवीचा इतका प्रबळ प्रत्यय देणारा नाद निर्माण व्हावा, याचा अर्थ काय करायचा? बौद्ध पक्ष म्हणेल की यात विसंगती मुळीच नाही. तीन तास जो नाद आपण एक समजून ऐकत बसलो तो क्षणोक्षणी निराळा होता, एकपणा आपल्या चित्ताने त्यावर आरोपित केला, आणि ही गोष्ट श्रोत्याच्या अनुभवास आणून देणे हीच या रचनेची साधना आहे. हे म्हणणे मला आदरपूर्वक ग्राह्य वाटते. परंतु याच पक्षातील धर्मकीर्तीने सत्तेची जी कसोटी घालून दिली, ती अर्थक्रियाकारित्वाची, म्हणजे जे काही कार्य घडवते ते सत्, ही आहे. आणि त्या कसोटीवर घासले तर हेलकावा सत् ठरतो. तो स्पीकरचा पडदा कमी-अधिक हालवतो, खिडकीचे तावदान थरथरवतो, श्रोत्याच्या श्वासाची लय बदलतो. 'ही तर नुसती बेरीज' असे म्हणून त्याची बोळवण करता येत नाही, कारण बेरजेच्या दोन्ही पदांत जे नाही ते बेरजेत आहे, आणि जे कार्य घडते ते त्याचेच घडते. तेव्हा या तंट्याचा माझ्या मते न्याय्य फैसला असा: मिळणी खरी आहे, ही बाब नैयायिकांच्या बाजूने लागते, पण थर एकमेकांशी ज्या संबंधात उभे आहेत त्या संबंधापलीकडे मिळणीला स्वतःची वेगळी जहागीर नाही आणि तो संबंध तुटताच ती उरत नाही, ही बाब बौद्धांच्या बाजूने लागते.

या संबंधाचे स्वरूप काय, हे मात्र मिक्सरसमोर बसणाराच उत्तम सांगू शकतो. नवशिका प्रत्येक थर एकटा ऐकून, म्हणजे सोलोवर घेऊन, तो भरदार करतो, आणि सर्व भरदार थर एकत्र आले की गढूळपणाखेरीज काही पदरात पडत नाही. याचे कारण असे की कानाच्या ठिकाणी जवळजवळच्या कंपनसंख्यांपैकी प्रबळ नाद दुर्बलाला झाकून टाकतो, आणि सेकंदाला साधारण दोनशे ते पाचशे कंपनांच्या प्रदेशात तर प्रत्येक थर आपला हक्क सांगत असतो. मुरलेला कारागीर तेथे इक्वलायझरने एकेका थराचा काही भाग कापतो: खर्जासाठी इतरांचा तळ काढून टाकतो, पावसाची कुजबुज फक्त वरच्या पट्टीत ठेवतो, पसरट थराच्या पोटात पोकळी करतो. असा कापलेला थर एकटा ऐकावा तर पातळ, केविलवाणा वाटतो. सर्वांमध्ये मात्र तोच भरलेला वाटतो, कारण त्याने सोडलेली जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि दुसऱ्याने सोडलेली त्याला मिळालेली असते. रिव्हर्बचेही असेच आहे. मूळ ध्वनीमागून सेकंदाच्या सुमारे तीन शतांशांच्या आत येणारे परावर्तन कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, हे हेल्मुट हास याने १९४९ च्या आपल्या प्रबंधात प्रयोगांनी दाखवले; ते परावर्तन स्वतः अश्रुत राहून मूळ ध्वनीला आकार आणि पैस देते. शेवटी अनुभवी कारागीर एकेक थर म्यूट करून पाहतो. जो असताना लक्षात येत नाही पण काढताच सगळे वातावरण कोसळते, तो थर ठेवायचा. जो असताना ठळक ऐकू येतो पण काढल्यावर कोणालाही चुकल्यासारखे वाटत नाही, तो काढून टाकायचा. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले, कारणाच्या भावाने कार्याचा भाव आणि अभावाने अभाव, तीच ही परीक्षा. आणि तिच्यात व्यतिरेकाचे प्रामाण्य अधिक आहे.

यंत्रातून निघणाऱ्या, आघाताची खूण नसलेल्या या अखंड नादाला अनाहत म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरला पाहिजे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाच्या दप्तराचा कारभार पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला, तेव्हा स्वरांचा विचार करण्याआधी त्याने मानवी पिंडाच्या उत्पत्तीचा विचार केला, आणि अनाहत नादात रंजकता नसल्यामुळे तो लोकांच्या मनाला रमवत नाही, आहत नाद मात्र रमवतो आणि भवबंधही तोडतो, असा स्पष्ट अभिप्राय दिला. स्पीकरचा पडदा हवेवर आघात करतो, म्हणून सिंथेसायझरचा नाद आहतच आहे. पण यात त्याला काही उणेपणा नाही. जे देहात, हवेत आणि काळात घडते त्याच्याच द्वारा मुक्तीचा मार्ग जातो, असे म्हणणारा हा ग्रंथकार आपल्याच भूमीत राहून लिहून गेला, आणि त्याचा तो कौल आजच्या यंत्रनादालाही लागू पडतो.

ईश्वराविषयी किंवा ब्रह्माविषयी बोलताना एकाच्या ठिकाणी अनेकांनी विरून जावे अशी भाषा आपण सहज करतो. थरांच्या नादाने दाखवलेला एकपणा या प्रकारचा नाही. उत्तम मिश्रणात श्रोता अवधान देऊन पावसाचा थर वेगळा ऐकू शकतो, खर्ज वेगळा ऐकू शकतो, आणि अवधान सोडताच ते सर्व पुन्हा एक होते; तेथे कोणीही नष्ट झालेला नसतो, प्रत्येकाने फक्त स्वतःचा अनावश्यक विस्तार आवरलेला असतो. ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या आरंभीच शिव आणि शक्ती या जोडप्याला वंदन केले, हे मला या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण वाटते. एकत्वाची थोरवी गाणाऱ्या ग्रंथाला दोघांपासून सुरुवात करावीशी वाटली. ज्या धर्मविचाराला अनेकांतून एक घडवायचे आहे, त्याने म्हणूनच प्रत्येक जिवाविषयी, प्रत्येक पंथाविषयी आणि समाजातील न ऐकू येणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी तो वेगळा उठून दिसतो की नाही हे पाहू नये. तो नसता तर या समष्टीत काय उणे पडले असते हे विचारावे, आणि त्याला जागा देण्यासाठी आपला कोणता भाग आपणहून कापायचा याचा निर्णय करावा.