पुढच्या पान्यासाठी

धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बेंड पाइपला इंजिनाच्या हेडशी धरून ठेवणारे दोन नट मोटारसायकलवर सगळ्यात जास्त सोसतात आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी पाहिलं जातं. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल, पावसाचं पाणी, इंजिनाची धग, सगळं नेमकं तिथं येतं. तापायचं, भिजायचं, पुन्हा तापायचं. काही पावसाळे गेले की नट कुठे संपतो आणि स्टड कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळेनासं होतं. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तर त्याहून लवकर.

गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. ज्या लोखंडाचा तो झाला, त्याच्या दुपटीहूनही जास्त. आट्यांमधल्या केसभर फटीत ही जागा मिळत नाही, म्हणून तो दोन्हीकडून रेटत राहतो. नट कुणी न आवळताही वर्षानुवर्षं आवळला जात असतो.

स्टड सहा, फार तर आठ मिलिमीटर जाडीचा. पाना वीतभर लांब. सहा मिलिमीटरचा स्टड मोडायला मनगटाचा जोर पुरतो. ताकदवान माणसाच्या हातून जास्त स्टड मोडतात ते यामुळेच.

मोडण्याआधी धातू सांगतो. कडक ‘टक्’ आवाज करून जो सुटतो तो नट. आवाज न करता, रबर पिळल्यासारखा मऊ वळतो तो स्टड. हा मऊपणा हाताला सुखाचा वाटतो, काम होतंय असं वाटतं, आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुकडा पान्यात येतो. मऊ लागलं की तिथंच थांबावं. उलटं फिरवून नट पुन्हा जागेवर न्यावा, तेल सोडावं, हात पुसून उठावं.

कामाची सुरुवात पान्यानं करूच नये. आधी वायर ब्रश. नटाच्या बाहेर आलेले स्टडचे आटे घासून उघडे करावेत, कारण नटाला बाहेर यायचंय ते त्याच वाटेनं. मग गंज सोडवणारं तेल, संध्याकाळी. रात्रभर ते आत झिरपू द्यावं. सकाळी पुन्हा. तेलाचा डबा महाग नाही. महाग आहे ती रात्र, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना ती द्यायला धीर लागतो.

उष्णतेचं काम तेल करू शकत नाही. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन थोडा वेळ चालवलं की हेडमधलं स्टडचं भोक सैलावतं. नट तापवायचा तर ज्योत नटावर धरावी, स्टडवर नको, आणि त्याआधी तेल पुसून पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. त्यानंतर सहा कोपऱ्यांची गोटी, नटावर पूर्ण बसलेली. सरकत्या जबड्याचा पाना इथं आणूच नये, तो कोपरे खातो. थोडं सोडायचं, थोडं आवळायचं, पुन्हा सोडायचं. मागे घेतलेला प्रत्येक फेरा गंजाचा भुगा बाहेर काढतो.

नटाबरोबर अख्खा स्टड फिरून बाहेर आला तर वाईट वाटून घेऊ नये. नवा स्टड मिळतो. हेड सहज मिळत नाही. स्टड मोडलाच, तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून फिरवणं बरं: त्या वेल्डिंगच्या तापानंच निम्मी पकड सुटते. भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालणं हा शेवटचा उपाय. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, तो आत मोडला तर साधा ड्रिल त्याच्यावर ओरखडाही उठवत नाही.

मोडलेल्या स्टडचा दोष सोडवणाऱ्याच्या माथी येतो. बहुतेक वेळा तो आवळणाऱ्याचा असतो.

जुन्या येझदीला हे दोन नट नाहीत. तिथं पाइपाभोवती कडांचा एक मोठा गोल नट, आणि त्याच्यासाठी आकड्याचा पाना. पाना शोधायचा कंटाळा म्हणून छिन्नी लावून हातोडा मारतात. कितीतरी येझदींच्या नटांना अर्ध्याच कडा उरल्या आहेत. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. कडा मात्र अजून तुटताहेत.

पाइप हातात आला की रंगाचा मोह होतो. रंगकामाचा मोठा भाग डबा उघडण्याआधीच झालेला असतो. गंज खरवडून धातू उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपर मारावा, थिनरनं पुसावं, मग पुन्हा बोट लावू नये. उष्णता सोसणारा सिलिकॉनचा रंग पातळ हातांनी द्यावा. तो नुसता वाळून पक्का होत नाही, इंजिनाच्या धगीवर टप्प्याटप्प्यानं भाजावा लागतो. क्रोमवरचा निळा डाग ही घाण नव्हे, तापलेल्या धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर आहे. घासून जातो, पण फार लवकर परत आला तर आधी कार्बोरेटर आणि पाइप-हेडमधली रिंग पाहावी. स्टेनलेसच्या पाइपावर साधा लोखंडी ब्रश फिरवू नये, त्याचे कण पृष्ठभागात रुतून तिथं गंजतात. पाइपाला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी मला पसंत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि झालेली झीज झाकते.

आवळणं हेच खरं काम. नवी रिंग, पितळी नट, आट्यांवर कॉपर ग्रीसचं बोट. ग्रीस लावलेला नट कमी जोरात जास्त बसतो, म्हणून हात आखडता ठेवावा. नट बोटांनी फिरेल तितका बोटांनीच फिरवावा, मग एकदा इकडचा, एकदा तिकडचा. सायलेन्सरचा मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी, म्हणजे पाइपाचा ताण स्टडवर येत नाही. हा जोड पुन्हा उघडेल तेव्हा पाना दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल.

गाडीची पहिली फेरी झाली की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि दोन्ही नटांना पुन्हा पाना लावून पाहा. नवी रिंग तापून दबते, आणि नट किंचित सैल पडतात.