स्वस्ताईचे वचन आणि ग्राहकाचा संशय

अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे एक जुने विद्यार्थी मध्यंतरी आम्हांस भेटावयास आले होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी आपल्या शेजारच्या एका सुताराची हकीकत सांगितली. या गृहस्थाची पिकअप गाडी जुनी झाली आहे. विजेवर चालणारी आणि बेताच्या किमतीची नवी गाडी मिळाली तर ती त्यास हवीच आहे. परंतु अशा गाड्या लवकरच येत असल्याची गोष्ट काढली की तो हसतो आणि 'दारात उभी राहील तेव्हा बोलू' असे म्हणून कामास लागतो. आमच्या विद्यार्थ्यांस हा हटवादीपणा वाटला. आम्हांस मात्र त्या हसण्याचा विचार करावासा वाटला.

सुताराच्या संशयास इतिहास आहे. टेस्ला कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरात आपला सायबरट्रक दाखविला, तेव्हा त्याची किंमत ३९,९०० डॉलरांपासून सुरू होईल असे सांगितले. चार वर्षांनी गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा सर्वांत खालची जाहीर किंमत ६०,९९० डॉलर झाली होती, आणि त्या किमतीची गाडी तर तेव्हा मिळतही नव्हती! फोर्ड कंपनीने आपली विजेवरची 'लाइटनिंग' गाडी २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरांस जाहीर केली. दोन वर्षांच्या आत तोच आकडा साठ हजारांस जाऊन भिडला, मग काहीसा उतरला, आणि २०२५ च्या डिसेंबरात निव्वळ विजेवरची ती गाडी बंद करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. लॉर्डस्टाउन व कनू या नव्या कंपन्यांनी २०२३ व २०२५ साली दिवाळे काढले, ती गोष्ट वेगळीच. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताक फुंकून पितो, यात नवल ते काय?

आता स्लेट नावाच्या कंपनीची कथा घ्या. २०२५ च्या एप्रिलात तिने एक अगदी साधी गाडी पुढे आणली. बाहेरून रंग नाही, आत रेडिओ नाही, काचा हाताने फिरवून खालीवर करावयाच्या. मूळच्या बॅटरीवर सुमारे दीडशे मैलांची मजल. आम्हांस हा साधेपणा मनापासून आवडला. सरकारी सवलत धरून किंमत वीस हजार डॉलरांच्या आत राहील, असे सांगण्यात आले होते. ही साडेसात हजारांची सवलत त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला कायद्याने संपली, आणि वीस हजारांची भाषा पंचविशीच्या आसपास जाऊन पोहोचली. येथे कंपनी खोटे बोलली असे आम्ही म्हणणार नाही. सवलतीची अट तिने उघड सांगितली होती. पण ऐकणाऱ्याच्या मनात आकडा राहतो, अट राहत नाही. आणि हे बोलणाऱ्यास पक्के ठाऊक असते. अक्षरशः खऱ्या वाक्याने दुसऱ्याच्या मनात चुकीची आशा उत्पन्न करणे, याला काय नाव द्यावे? असत्य म्हणावे तर ते जड होते. सत्य म्हणावे तर मन घेत नाही.

यावर कोणी म्हणतील, की गाडी स्वस्त होणे हेच मुळी ती पुष्कळ खपण्यावर अवलंबून आहे. सर्वच सुतार हसत बसले तर कारखाना चालणार कसा? मग त्यांचा संशयच खरा ठरेल, आणि तो खरा करण्याचा दोष त्यांच्याच माथी येईल. हा आक्षेप क्षुद्र नव्हे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये याच जातीचा विचार मांडला होता: काही गोष्टी अशा असतात, की त्यांवरील श्रद्धाच त्यांना अस्तित्वात आणण्यास साहाय्य करते. मैत्रीचे उदाहरण पटते. परंतु मैत्रीत दोघेही सारखेच पणास लागलेले असतात. येथे कंपनीचे भांडवल भागीदारांचे असते, आणि सुताराची गाडी हेच त्याचे पोट! शिवाय जेम्सने अशी श्रद्धा योग्य ठरविली ती निवड टाळताच येत नाही अशा प्रसंगी. सुतारास तर जुनी गाडी दुरुस्त करून आणखी दोन वर्षे थांबता येते.

जेम्स ज्याच्याशी वाद घालीत होता, त्या क्लिफर्डकडे वळले म्हणजे आमच्या मते प्रश्न अधिक उजळतो. पुरेशा पुराव्यावाचून विश्वास ठेवणे हे पाप, असे क्लिफर्डने १८७७ मध्ये प्रतिपादिले. वाचक हे सहसा विश्वास ठेवणाऱ्या भोळ्या माणसास लावतात. परंतु क्लिफर्डच्या दृष्टांतातील अपराधी कोण आहे? जुनाट जहाजात बसणारे उतारू नव्हेत; आपल्याच मनातील शंका गोंजारून झोपविणारा आणि उतारूंना समुद्रावर धाडणारा जहाजमालक! संशयाचे कर्तव्य प्रथम त्याचे. किंमत जाहीर करणाराने आपल्या आकड्याची शंका आधी घेतली असती, तर सुतारास ती घ्यावी लागली नसती.

पण ग्राहकही सोवळा नाही, हे आम्ही आपल्याच घरी पाहिले आहे. पुण्यात जिचा आराखडा तयार झाला ती नॅनो २००८ च्या जानेवारीत एक लाख रुपयांच्या वचनासह लोकांपुढे आली. सिंगूरहून कारखाना साणंदला न्यावा लागला, मालाचे भाव चढले; तरी २००९ मध्ये मूळ गाडीपुरते, कर वगळून, ते वचन बहुतांशी पाळले गेले. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी लोक बिचकले हे खरे. परंतु आमच्या आळीत जी कुजबूज ऐकू येई ती आगीची नव्हती. 'सर्वांत स्वस्त' गाडी दारात उभी करण्याच्या लाजेची होती. ती शिक्कामोर्तबी चूक झाली हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. २०१८ मध्ये गाडीचे उत्पादन थांबले. म्हणजे स्वस्ताई मागावी, मिळाली की नाक मुरडावे! अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत २०२५ च्या सप्टेंबरात प्रथमच पन्नास हजार डॉलरांपलीकडे गेली, ती काय एकट्या कंपन्यांनीच नेली?

तो सुतार नाक मुरडणाऱ्यांपैकी आहे की काय, हे आम्ही विद्यार्थ्यांस विचारले. ते म्हणाले, 'छे! त्याच्या गाडीत रेडिओ कित्येक वर्षे बंदच आहे.' त्यांनी स्वतः मात्र स्लेटकडे परत मिळणारे पन्नास डॉलर भरून नाव नोंदविले आहे. त्यांना पिकअपची गरज काय, असे विचारता ते हसले. घरी दोन मोटारी आहेतच, किंमत वाढली तर पैसे परत घेता येतील. शेजाऱ्याने काहीच भरले नाही. त्याने गेल्या महिन्यात जुन्या गाडीला नवे टायर घातले.