अर्धा तास

मागणाऱ्याची मागणी तत्काळ पुरवून त्यास मोकळें करणें म्हणजे दया, असें आपण सामान्यतः समजतों. कर्तव्य आणि दया यांतील भेद मी तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. पण तो मला खरा कळूं लागला तो आमच्या गांवच्या एका डायलिसिस-केंद्राच्या बाकावर बसून, हें कबूल करण्यास मला संकोच वाटत नाहीं.

माझे थोरले बंधू तेथें आठवड्यांतून दोनदां जातात. वैद्यशास्त्राचा सर्वसाधारण दंडक तीन वेळां, दर खेपेस चार तास, असा आहे. पण तिसरी पाळी तेथें मोकळी नाहीं. निदान मिळतात ते तास तरी पुरते मिळावेत! परंतु साडेतीन तास होतांच दादा म्हणतात, "पोरी, पुरे आजचं, पायांत गोळे आले," आणि ती मुलगी हंसून म्हणते, "बरं काका, काढूं या." दादा तिला आशीर्वाद देतात. बाहेर ताटकळलेल्या रोग्यांनाही बरें वाटतें. घरीं लौकर जावयास मिळे म्हणून मीही गप्प बसे. एके रात्रीं मात्र हिशेब मांडला: आठवड्यास एक तास, म्हणजे वर्षास 52 तास, म्हणजे पूर्ण 13 खेपा. वर्षांतून तेरा वेळां दादांना दारांतूनच परत पाठविलें असतें, तर आम्हीं केवढा गहजब केला असता!

या उपचाराच्या आरंभकाळची एक हकीकत येथें आठवते. 1960 सालीं अमेरिकेंतील सिएटल शहरीं डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातावर कायम बसवून ठेवण्याची टेफ्लॉनची नळी वापरली आणि मूत्रपिंडें कायमचीं निकामी झालेल्या मनुष्यास वर्षानुवर्षें जगविणें शक्य झालें. 1962 मध्यें तेथें केंद्र निघालें. यंत्रें मोजकीं, रोगी पुष्कळ. तेव्हां कोणास घ्यावें हें ठरविण्यास सात जणांची समिति नेमली. तींत धर्मोपदेशक होता, वकील होता, गृहिणी होती. त्यांचीं नांवें गुप्त ठेवलीं होतीं. रोग्याची मिळकत, मुलेंबाळें, देवळांतील हजेरी, असलेंही त्यांनीं तोललें. त्याच वर्षीं 'लाइफ'मध्यें हें प्रसिद्ध झालें व टीकेचा भडिमार झाला, तो योग्यच. 1972 च्या कायद्यानें तेथील सरकारनें खर्चाचा मोठा भाग पत्करला आणि असल्या निवडीचें प्रयोजन उरलें नाहीं.

तथापि त्या सातांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, आपण कोणाच्या तरी आयुष्याचा निवाडा करीत आहों, हें त्यांस ठाऊक होतें. आमच्या केंद्रांत निवाडा होतो, पण करणारा कोणीच नाहीं. अर्धा तास तुटतो तो दादांच्या इच्छेनें, मुलीच्या सौजन्यानें आणि आम्हां सर्वांच्या सोयीनें.

कोणी म्हणेल, शरीर दादांचें. त्यांची इच्छा मोडणारे तुम्ही कोण? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचें पुरतें निरसन मला साधत नाहीं. पण तेरा खेपांचा आंकडा दादांना कोणी सांगितला होता? शिवाय ते गोळे पुष्कळदां थोड्या वेळांत फार पाणी ओढल्यामुळेंच येतात. म्हणजे त्यांवर उतारा वेळ वाढविणें हा, तोडणें हा नव्हे. जी इच्छा दुःखानें वदविली आणि अज्ञानानें पोसली, तिला स्वातंत्र्य म्हणावयास माझें मन घेत नाहीं.

त्याच केंद्रांत एक वयस्क परिचारिका आहेत. परवां त्यांची पाळी होती. दादांनीं नेहमींचें मागणें केलें. बाईंनीं नळ्या काढल्या नाहींत, पाणी ओढण्याचा वेग कमी केला, स्टूल ओढून दादांचे पाय चोळले आणि विचारलें, "काका, सोमवारपासून पाणी किती प्यालांत? खरं सांगा." दादा चिडले. चार तास पुरे झाले.

परततांना रिक्षांत ते म्हणाले, "बाई फार कडक आहे." मीं तेव्हां तेरा खेपांचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहींत. घर जवळ आल्यावर, पुढच्या खेपेस पाळी कोणाची, एवढेंच त्यांनीं विचारलें.