अर्धे तिकीट



आपल्यापुढे एक लहानसा प्रश्न ठेवावयाचा आहे. आपल्या मुलाच्या तोंडून आपण खोटे बोलवावे काय? विचारल्यास आपल्यापैकी कोणीही ‘होय’ म्हणणार नाही. आम्हीही म्हटले नसते. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्ही तेच केले, आणि ते केल्याचे आमच्या दुपारपर्यंत लक्षातही आले नाही.

बालाघाटच्या मराठी माणसाला ‘शहर’ म्हणजे नागपूर. आमच्या लहानपणी छोट्या लाइनच्या गाडीने गोंदिया गाठावे लागे. आता मोठी लाइन झाली आहे, पण नागपूरची ओढ तीच आहे. आमच्या धाकट्या मुलाने पाचवे वर्ष नुकतेच पूर्ण केले होते. त्याला एक दिवस शहर दाखवावे, अजब बंगला दाखवावा, म्हणून आम्ही दोघेच पहाटे स्टेशनवर गेलो.

रेल्वेचा नियम सर्वांना ठाऊक आहे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला साध्या डब्यात अर्धे तिकीट. मुलाला पाच पूर्ण होऊन तीनच महिने झाले होते. अंगाने तो लहानखोर. आम्ही खिडकीवर एकच तिकीट मागितले आणि गाडीत बसल्यावर त्याला सहज म्हणालो, “कोणी विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हणून सांग.”

गोंदियाला गाडी बदलली. पुढे तिकीट तपासनीस आले. मुलाच्या गालाला हात लावून त्यांनी विचारले, “बाळ, किती वर्षांचा तू?” मुलाने आधी आमच्या तोंडाकडे पाहिले, मग म्हणाला, “चार.” तपासनीस हसून पुढे गेले. कोणी पकडले नाही, दंड झाला नाही. दोन-तीन कप चहाचे पैसे वाचले.

नागपूरचे हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजब बंगला. तेथे हिंडताना आम्ही मुलाला आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितली. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी १८७० साली तांब्याच्या प्राचीन हत्यारांचा मोठा साठा जमिनीत सापडला. चारशेहून अधिक तांब्याच्या वस्तू व त्यांबरोबर चांदीचे शंभरावर पातळ तुकडे त्यात होते. त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या या संग्रहालयात आल्या, काही थेट लंडनला गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांच्या नजरेस तो साठा प्रथम पडला असे सांगतात.

मुलाने विचारले, “ती मुलं किती वर्षांची होती?”

“ते काही ठाऊक नाही. तुझ्याहून मोठी असतील.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पप्पा, मी परत पाच वर्षांचा केव्हा होणार? घरी गेल्यावर?”

वाचकहो, तपासनीसाने पकडले असते तर आम्हांला एवढी लाज वाटली नसती. पाच वर्षे पूर्ण झाल्याचा त्या मुलाला केवढा आनंद होता! शब्बाथशाळेत तो वरच्या वर्गात बसू लागला होता. आणि बापाने सांगितले म्हणून तो मुकाट्याने चार वर्षांचा झाला होता. आम्ही खोटे बोललो असे त्याच्या मनातही आले नव्हते. आम्ही म्हणतो त्या अर्थी तसेच असणार, असा त्याचा विश्वास होता. आमचे अर्धे भाडे त्या विश्वासातून भरले गेले होते.

खोटे कधी क्षम्य असते काय, हा वाद फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी या विषयावर दोन ग्रंथ लिहिले, आणि कोणतेही खोटे निर्दोष नाही असे मत दिले. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. खुनी माणूस दारात येऊन विचारू लागला तरीही खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे ते म्हणतात. उलट पक्षी, निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या सुइणींनी इब्री बालके वाचवली आणि फारोला खरे सांगितले नाही. तरी देवाने त्यांचे कल्याण केले. सज्जनांचा येथे मतभेद होऊ शकतो. परंतु आमचा प्रश्न त्या वादात बसतच नाही. त्या सुइणींनी मुलांचा जीव वाचवण्यासाठी शब्द वापरले. आम्ही चहाचे पैसे वाचवण्यासाठी मूल वापरले.

“एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!” असे कोणी म्हणेल. उत्पत्तीचे पुस्तक उघडून पाहा. अब्राहामाने भीतीपोटी आपल्या पत्नीला बहीण म्हटले, एकदा मिसरात आणि पुन्हा गरारात. तेव्हा इसहाकाचा जन्मही झाला नव्हता. तरी पुढे त्याच गरारात इसहाकाने रिबकेविषयी तेच शब्द उच्चारले. इसहाकाच्या मुलाने, याकोबाने, भावाची वस्त्रे घालून आंधळ्या बापाला फसवले. आणि याकोबाच्या मुलांनी रक्तात बुडवलेला झगा बापापुढे ठेवून त्याला फसवले. चार पिढ्या! आपण मुलांसाठी घर ठेवतो, शेत ठेवतो. त्यांबरोबर हीही मालमत्ता ठेवतो, आणि तिला मृत्युपत्र लागत नाही.

गाडीतच असे घडते असेही नाही. उसने मागणारा दारात येतो, आपण आत बसून मुलाला पाठवतो, “पप्पा घरी नाहीत म्हणून सांग.” त्याच रविवारी तेच मूल शब्बाथशाळेत नववी आज्ञा पाठ म्हणून दाखवते आणि आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. मूल आज्ञा पुस्तकातून पाठ करते, पण तिचा अर्थ आपल्या तोंडाकडे पाहून लावते.

लूकाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफ व मरीया बारा वर्षांच्या येशूला घेऊन यरुशलेम शहरात सणाला गेली. परतताना तो सोबत्यांत असेल असे समजून ती एक दिवसाची वाट चालली, आणि मग तो बरोबर नाही असे त्यांना कळले. त्यांच्या मुलाचा हात सुटला होता. आमच्या मुलाचा हात आमच्या हातात होता, तरी आम्ही त्याला वाटेत हरवले होते. मात्र त्या आईबापांनी पुढे काय केले हे आपण ध्यानात घ्यावे. ती चाललेली वाट मोडून मागे फिरली.

आम्ही सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात जाऊन बसलो. याच ठिकाणी २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. आमच्या मनात मात्र त्या वेळी इतिहास नव्हता. आम्ही मुलाला म्हणालो, “तू पाचच वर्षांचा आहेस. सकाळी आम्ही खोटं सांगितलं. पैसे वाचावेत म्हणून.”

त्याने विचारले, “मग मीपण खोटं बोललो?”

याचे उत्तर देणे सर्वांत कठीण गेले. “नाही. ते खोटं आमचं होतं. आम्ही ते तुझ्या तोंडात घातलं.” मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील जात्याच्या तळीविषयी आम्ही किती वेळा उपदेश केला होता! ते वचन आमच्यासाठी आहे असे तोवर कधी वाटले नव्हते.

परतताना एक पूर्ण व एक अर्धे तिकीट काढले. रात्री बालाघाटला उतरल्यावर पुन्हा खिडकीवर गेलो आणि नागपूरचे एक अर्धे तिकीट मागितले. खिडकीतल्या माणसाने विचारले, “एकटंच पोर जाणार?” आम्ही म्हणालो, “नाही, ते सकाळीच जाऊन आलं.” तो आमच्याकडे पाहतच राहिला. जक्कयाने चौपट परत केले. आम्ही एकपटच केले. ते तिकीट मुलाने हट्टाने आपल्या खिशात ठेवले.

ज्यांच्या पदरी तीन-चार लेकरे आहेत आणि जे मजुरीसाठी गाडीत चढतात, त्यांच्यावर दोष ठेवण्यास आम्ही हे लिहीत नाही. त्यांची अडचण देव जाणतो. आम्हांला अडचण नव्हती. आईबापांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की मुलापुढे चूक झाली तर ती मुलापुढेच कबूल करावी. त्याने आपला मान जाईल ही भीती आम्हांलाही होती. परंतु त्या रात्री स्टेशनवरून घरी चालत येताना मुलाने आपणहून आमचा हात धरला, आणि वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याने विचारण्याआधीच त्याला मोठ्याने सांगितले, “काका, मी पाच वर्षांचा आहे!”