गिट ब्लेममधलं आपलं नाव

पहाटे तीनला फोन वाजला. एका ग्राहकाच्या खात्यातून एकाच खरेदीचे पैसे दोनदा गेले होते. ऑन-कॉल असलेली टीममधली नवी मुलगी गोंधळली होती. बँकेचं उत्तर उशिरा आलं, तोवर आमच्या सिस्टिमने व्यवहार फसला असं समजून तो पुन्हा पाठवला. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असता, तर दुसरी विनंती ओळखून अडवता आली असती.

"हे कुणी लिहिलंय रे?" असं विचारत तिनेच गिट ब्लेम चालवलं. कोडची प्रत्येक ओळ शेवटची कुणी बदलली, ते ही कमांड दाखवते. नाव माझं निघालं. मग ती काहीच बोलली नाही.

तो क्रमांक हवा हे मला दोन वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. रिलीज तोंडावर होता, म्हणून काम 'पुढच्या स्प्रिंट'वर ढकललं. वेळेत काम संपवल्याबद्दल अप्रेजलमध्ये कौतुक झालं आणि मी सीनियर झालो.

आता दुसरीकडची ऑफर हातात आहे, त्याहून वरच्या पदाची. आमच्या क्षेत्रात दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणं शहाणपणाचं मानतात, आणि पगाराच्या हिशेबाने ते खरंही आहे. पण चुकीचा निर्णय अंगाशी यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. ठरवणारा निघून जातो आणि निस्तरायला दुसराच उरतो. मग माझ्या बढतीत कुणाकुणाच्या झोपमोडी जमा आहेत?

म्हणून जाऊच नये का? तसं वाटत नाही. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला, म्हणजे 'इथे काहीच नाही' असं सांगणारी सोय. करायला सोपी होती, म्हणून मोह आवरला नाही, हे त्यांनीच सांगितलं. पुढे अनेक भाषांनी ती उचलली आणि तिच्यापायी असंख्य प्रोग्राम कोसळले. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ते काही त्या भाषेपाशी चव्वेचाळीस वर्षं बसून राहिले नव्हते. कामापासून दूर गेले, तरी चुकीवरचं आपलं नाव त्यांनी पुसलं नाही. आणि त्यांना पुढचं दिसत नव्हतं. मला तर दिसत होतं.

सीनियर होणं म्हणजे मोठे निर्णय घेणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपण कुठे सोय पाहिली हे मागे राहणाऱ्याला स्पष्ट सांगून जाणं, हाही त्या पदाचाच भाग आहे.

नोटिस पिरियडमध्ये ती आणि मी मिळून तो क्रमांक घालतोय. कोड ती लिहिते आहे, त्यामुळे यापुढे गिट ब्लेम त्या ओळींवर तिचं नाव दाखवेल. म्हणून डिझाइनच्या नोंदीत मी वेगळं लिहिलं: ही उणीव कुणी, कधी आणि माहीत असूनही का ठेवली. खाली माझं नाव आणि कंपनीबाहेरचा फोन नंबर आहे.