जन्माची साक्ष

माणूस आपल्या जन्माला हजर असतो, पण साक्षीला नसतो. पहिल्या दोन-तीन वर्षांतले त्याला काहीच आठवत नाही. आपण कसे जन्मलो हे दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते. आईबापांजवळची ही आठवण मग कोणाची म्हणायची? ज्यांनी पाहिले त्यांची, की ज्याच्याविषयी ती आहे त्याची?

शाळेचे जुने रजिस्टर उघडले की १ जूनला जन्मलेल्यांची रांगच लागते. साऱ्या गावच्या आया काही एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. तारीख ठाऊक नसली की गुरुजी सोयीची म्हणून ती तारीख मांडीत. पण तारीख न सांगू शकणाऱ्या त्या आईला बाकीचे सारे आठवत असे. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा अंगावर पीत होता. १९७२च्या दुष्काळात ही पोटात होती आणि मी खडी फोडायला जात होते. रजिस्टरात याला रकाना नव्हता.

या आठवणीचा उपयोग मात्र आपण फार चमत्कारिक करतो. मुलगा उलटून बोलला की आई म्हणते, "नऊ महिने ओझे वाहिले ते याचसाठी का?" कळा खऱ्या, ओझेही खरे. पण जे कर्ज मुलाने मागितलेच नाही, त्याची वसुली त्याच्याकडून करणे मला सावकारीहून कठोर वाटते; सावकार निदान अंगठा तरी घेतो. (बापाने तर हे वाक्य उच्चारूच नये. तो दवाखान्याच्या बाकावर चहा पीत बसलेला असतो.)

याहून वाईट म्हणजे त्या घटकेची भावना मुलाच्या नावालाच चिकटवणे. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. चांगले झाले. पण उद्या तिने विचारले की जुने नाव का ठेवले होते, तर आईने काय सांगावे?

हा प्रश्न मला परका नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. "मी झाले तेव्हा आजी काय म्हणाली?" असे ती हल्ली विचारते. आजी काही म्हणाली नव्हती. 'मुलगी झाली' असे नर्सने सांगताच पेढ्यांसाठी काढलेली नोट तिने पुन्हा कनवटीला लावली. बर्फी मी आणली. आज तीच आजी नातीवाचून घास घेत नाही.

आठवण मुलीचीच असेल, तर ती नोटही तिची. पण ती माझ्या आईचीही आहे, आणि बारा वर्षांच्या मायेला एका क्षणाच्या साक्षीने दोषी ठरवायचे तर त्या खटल्यात आरोपीला बोलू दिले पाहिजे. मी मुलीला म्हटले, "ते आजीलाच विचार." ती अजून विचारायला गेलेली नाही. आई मात्र हल्ली तो विषय निघाला की समईची वात सारखी करायला उठते.